राखेच्या रंगाचं गाव

वैजयंता निखाडेला राग लवकर येतो, हे तालुक्याच्या पाणी-पडताळणी केंद्रात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तिला काही नवं सांगायचं असलं की केंद्रप्रमुख इंगोले साहेब आधी चहा मागवायचे. त्या दिवशी त्यांनी चहाबरोबर समोसेही मागवले, आणि तिनं तेव्हाच ओळखलं की काहीतरी गळ्यात मारायचंय.

"कोणतं सॉफ्टवेअर आणलं आता?" बसायच्या आधीच तिनं विचारलं.

"सॉफ्टवेअर नाही हो निखाडेबाई. जोड आहे, जोड. आहे त्यालाच लावायची. फायलींची यादी रंगीत दिसते, बस."

"यादी काय लग्नाला चाललीय रंगायला?"

शेजारच्या टेबलावरची नसरीन तोंडावर ओढणी धरून हसली. इंगोले साहेबांनी समोसा पुढे सरकवला. वैजयंतानं तो खाल्ला, पण कपाळावरची आठी काही गेली नाही.

केंद्राचं काम तसं साधं होतं. तालुक्यातल्या प्रत्येक सरकारी बोअरच्या तोंडाशी एक सेन्सर बसवलेला होता. पाण्यात काय काय विरघळलंय ते तो दिवसभर मोजायचा आणि सकाळी त्याची एक फाइल केंद्रात यायची. गाव, वाडी, पोड, तांडा, सगळ्यांची. केंद्रातली मशीन जुनी, नेट रडतखडत चालणारं, म्हणून चित्रांचे आणि बटणांचे पडदे तिथं कधी आलेच नाहीत. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. एल आणि एस अशी दोन अक्षरं टाइप करायची, एंटर मारायचा, की गावांच्या नावांची यादी सरसर खाली यायची. मग एकेक फाइल उघडून वाचायची.

हे माणसानं का करायचं, असं बाहेरचे लोक विचारायचे. धोका झाला की मशीननं आपणच घंटा वाजवावी. तसं करूनही झालं होतं. पण सेन्सरवर क्षार चढतात, पाइपात बेडूक बसतो, माकडं वायर कुरतडतात. घंटा दिवसभर वाजायची आणि दहातल्या नऊ वेळा खोटी निघायची. शेवटी कुणीतरी तिच्यावर टॉवेल गुंडाळला. खरं दूषित पाणी कोणतं आणि नुसता बेडूक कोणता, हे आकड्यांची चाल बघून ओळखावं लागतं. ती चाल ओळखण्यात वैजयंताचा हात धरणारं कुणी नव्हतं.

केंद्रात तिनं एक नियमही घालून दिला होता. पूर्वी भगत नावाचा एक जण तिथं कामाला होता. त्याच्या गावाचा सरपंच त्याचा मावसा. गावाचं पाणी बिघडलं तेव्हा भगतनं आठ दिवस ते दाबून ठेवलं, मावशाच्या अब्रूसाठी. अर्धं गाव कावीळ होऊन पडलं. त्यानंतर वैजयंतानं सगळ्यांना बजावलं, आपल्या गावाची फाइल आपण उघडायची नाही. जन्माच्या नाही आणि सासरच्याही नाही. ती शेजारच्या टेबलानं बघायची. नसरीनचं गाव वैजयंता बघायची आणि वैजयंताचं माहेर, टेंभरडोह, नसरीन. नियम कडक होता, आणि स्वतःच्या बाबतीत वैजयंता तर त्याहून कडक. यादीत ते नाव आलं की ती डोळा त्यावर ठरूच द्यायची नाही. भाऊ प्रफुल्ल कधी फोनवर विचारायचा, "बाई, आमचं पानी कसं हाय वो?" तर ती म्हणायची, "मले नको विचारू. नसरीनले विचार." आणि दोघं हसायची.

तर ती जोड. तिचं नाव रंगनजर. वरून हुकूम होता, म्हणून वैजयंतानं चहा संपवला आणि बसवायला घेतली. इंगोले साहेबांनी हुकमाची ओळ वाचून दाखवली, तिनं ती टाइप केली. काळ्या पडद्यावर अक्षरांचा लोंढा वाहून गेला. मग मशीननं विचारलं, डोळ्यांची हालचाल टिपायला कॅमेरा वापरू का? तिनं हो लिहिलं. मग विचारलं, या केंद्रात सगळ्यात अनुभवी कोण?

"लिहा की," इंगोले साहेब म्हणाले, "तुमच्याशिवाय कोण?"

तिनं आपलं नाव लिहिलं. मशीननं उत्तर दिलं, आजपासून वैजयंता निखाडे यांची नजर ही या केंद्राची गुरुनजर.

नसरीननं टाळ्या वाजवल्या. "ताई, आता गुरुपौर्णिमेला मशीन तुमच्या पाया पडणार."

"पडू दे. जड काही अंगावर नाही पडलं म्हणजे झालं," वैजयंता म्हणाली. पण खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती कुणावरही रागावली नाही.

या जोडीमागचं शास्त्र असं होतं. माणसाचा डोळा अक्षरं वाचायच्या आधी रंग टिपतो. हिरव्या गवतात एक लाल ओढणी असली तर ती शोधावी लागत नाही, तीच डोळ्यांत येऊन बसते. अक्षरांचं तसं नाही. शंभर पांढऱ्या नावांतलं एक नाव हवं असेल तर शंभरांवरून नजर फिरवावी लागते. आता, जुन्या जाणत्या माणसाची नजर यादीवरून कशी फिरते, हे कॅमेऱ्यानं टिपता येतं. मनाला जे महत्त्वाचं वाटतं, तिथं डोळा क्षणभर अडखळतो आणि डोळ्यातली बाहुली किंचित मोठी होते. माणसाला स्वतःला हे कळतही नाही. रंगनजर ते बघायची. डोळा जिथं अडखळतो त्या नावाला ती लाल रंग द्यायची. जरासा रेंगाळतो तिथं पिवळा. सहज जातो तिथं हिरवा. आणि ज्या नावावर डोळा कधी थांबतच नाही ते नाव हळूहळू राखेच्या रंगाचं व्हायचं, इतकं फिकं की काळ्या पडद्यात मिसळून जावं. केंद्रातल्या सगळ्या मशीनना हीच शिकवण मिळायची आणि तीत गुरुनजरेचं वजन सगळ्यांत जास्त.

पहिल्या सकाळी रंगीत यादी पडद्यावर उतरली तेव्हा सगळ्याजणी उठून बघायला आल्या. तेव्हा केंद्रात चौघीजणी होत्या. नसरीन म्हणाली, "ईदचा बाजार वाटतो की." काम भराभर उरकायला लागलं. जेवणापर्यंत जे संपायचं नाही ते अकरालाच संपू लागलं. महिन्याभरानं वरच्यांच्या हे ध्यानात आलं आणि त्यांनी दोघींना दुसऱ्या तालुक्यात पाठवून दिलं. वैजयंता इंगोले साहेबांच्या खोलीत जाऊन भांडली. साहेब म्हणाले, "मी काय करू बाई? काम उरलं नाही असं तुमच्याच मशीननं सिद्ध केलं." ते तिला फार झोंबलं.

पावसाळा सरला. एके दुपारी ती डबा उघडत होती, तेवढ्यात प्रफुल्लचा फोन आला.

"बाई, लेकरू निळं पडून राहिलं वो. ओठ, नखं, सगळं निळं. आम्ही दवाखान्यात आलो."

लेकरू म्हणजे प्रफुल्लचा नातू. त्याच्या सुनेचं, दीक्षाचं, पहिलंच बाळ. दात यायचे होते, पालथं पडायला नुकतंच शिकलं होतं. वैजयंता डबा तसाच टाकून निघाली.

तालुक्याच्या रुग्णालयात डॉक्टर परचाके नावाची मुलगी होती, चेहऱ्यावर जागरण दिसणारी, पण हात स्थिर. बाळाच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेली होती आणि तरीही त्याचा रंग पाटीसारखा होता. रडत होतं, पण रडण्यात जोर नव्हता. डॉक्टरनं त्याच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेतला, पांढऱ्या कापसावर टिपला आणि हवेत हलवला. सगळे बघत राहिले. तो थेंब चॉकलेटसारखा तपकिरी होता आणि तपकिरीच राहिला.

"चांगलं रक्त हवा लागली की लाल होतं," डॉक्टर म्हणाली. "हे होत नाही. याचं रक्त बिघडलंय, ते ऑक्सिजन धरूच शकत नाही. नळीतून कितीही दिला तरी उपयोग नाही." मग ती दीक्षाकडे वळली. "अंगावर पाजता?"

"दूध पुरत नव्हतं. डब्याची पावडर देत होते."

"पाणी कुठलं?"

"बोअरचं. शाळेजवळच्या. हिरव्या कार्डाचं आहे डॉक्टर, पाणी चांगलं म्हणून सरकारनं गावाला दिलेलं. आणि मी नुसतं नाही दिलं, उकळून दिलं. चांगलं खळखळ, किती तरी वेळ."

डॉक्टरनं कापूस खाली ठेवला. तिला सांगायचं नव्हतं, पण सांगावं लागलं. शेतातलं खत आणि संडासाचे खड्डे जमिनीत मुरतात, त्यातून पाण्यात नायट्रेट उतरतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. मोठ्या माणसाला लगेच काही होत नाही. इतक्या लहान लेकराच्या पोटात मात्र ते रक्त बिघडवतं. आणि ते जंतू नाही, उकळून मरत नाही. पाणी आटतं तसं उरलेल्या पाण्यात ते आणखी दाट होतं.

दीक्षानं आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं. नंतर ते हात तिनं पदराखाली घातले, जणू तिथंच कुणी त्यांना मारणार होतं.

औषध जिल्ह्याच्या ठिकाणी होतं. डॉक्टरनं आधीच सांगून ठेवलं होतं, ड्रोन निघालेलं होतं. सगळे रुग्णालयाच्या पटांगणात मान वर करून उभे राहिले. तेवढ्या वेळात प्रफुल्ल बहिणीजवळ आला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं.

"बाई, हे तुह्या हाफिसात दिसत नाही?"

"दिसतं."

"मग?"

"आपल्या गावाची फाइल मी उघडत नाही प्रफुल्ल. तुले माहीत आहे. भगतच्या वेळेपासून."

"मंजे तालुक्यातले सारे लेकरं तुहे," प्रफुल्ल म्हणाला, "आन माह्या घरचं तेवढं नाही."

ड्रोन आलं. औषध गडद निळं होतं, शाईसारखं. निळ्या पडलेल्या लेकराला निळंच औषध टोचताना बघून दीक्षानं डोळे मिटून घेतले. पण थोड्याच वेळात बाळाचे कान गुलाबी दिसायला लागले, मग ओठ, मग नखं. त्यानं एकदा असा टाहो फोडला की डॉक्टर परचाके पहिल्यांदा हसली. संध्याकाळी लंगोट हिरवानिळा झाला तेव्हा दीक्षा किंचाळली. डॉक्टर म्हणाली, "औषधाचा रंग आहे, घाबरू नका, दोन दिवस रंगपंचमी चालेल." सगळे हसले. प्रफुल्ल हसला नाही. वैजयंता निघाली तेव्हा तो तिच्याकडे पाठ करून बाकावर बसलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती केंद्रात पोचली, तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेलेली होती. तिनं एल-एस मारलं. रंगीबेरंगी यादी खाली उतरली. तिनं टेंभरडोह शोधलं. सापडेना. पुन्हा शोधलं. पडद्याला नाक लावलं तेव्हा दिसलं, विझल्या चुलीतल्या राखेसारखं. तिनं आयुष्यात पहिल्यांदा ती फाइल उघडली.

नायट्रेटचा आकडा पावसाच्या सुरुवातीपासून चढत होता. बेडूक नाही, क्षार नाही, माकड नाही. सरळ, सावकाश, न अडखळता चढत गेलेली चाल. शिकाऊ मुलीलाही ओळखता आली असती.

"नसरीन!"

नसरीन तिच्या आवाजानंच उभी राहिली.

"टेंभरडोह शेवटचं कधी उघडलंस?"

"ताई, काय झालं?"

"कधी उघडलंस ते सांग. माझ्या भावाचा नातू काल मरता मरता राहिला. तुझ्याकडे होतं ना ते गाव? तुझ्याकडे दिलं होतं ना मी? स्वतःची आई एखाद्याच्या ओटीत घालावी तसं दिलं होतं!"

नसरीनचं तोंड पांढरं पडलं. ती रडली नाही. रडण्याआधी तिलाही राग आला.

"पहिले काही दिवस उघडलं. रोज उघडलं. मग ते फिकं व्हायला लागलं. मला वाटलं, ताईंच्या नजरेनं फिकं झालंय. मशीन तुमच्यावरून शिकतं असं साहेबांनीच सांगितलं होतं. तुमचं स्वतःचं माहेर, आणि तुमचा डोळा तिथं थांबत नाही. मला वाटलं, ताईंना पक्कं ठाऊक असेल, तिथं बघण्यासारखं काही नाही. मग मला दिसेनासंच झालं. खरंच दिसेनासं झालं ताई. कुराणाची शपथ."

वैजयंतानं पडद्यावरच्या त्या फिक्या नावाकडे बघितलं. मग धपकन खुर्चीत बसली.

तिचा डोळा तिथं थांबत नव्हता हे खरं. गेली कित्येक वर्षं ती तो थांबू देत नव्हती. भगतसारखं होऊ नये म्हणून, कुणी बोट दाखवू नये म्हणून, स्वतःच्या मनाला लगाम घालून ती त्या नावावरून नजर उचलत होती. कॅमेऱ्याला ते कसं कळणार? बिनमहत्त्वाचं म्हणून न बघणं आणि जिवाचं आहे म्हणून बघायचं टाळणं, दोन्हींत डोळा तसाच पुढे सरकतो. मशीननं एवढंच टिपलं, की गुरू इथं बघत नाही. आणि ते त्यानं सगळ्यांना शिकवलं.

इंगोले साहेब आवाज ऐकून बाहेर आले. सगळं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला आणि लगेच कंपनीला फोन जोडला. फोनच्या पडद्यावर अन्वय दळवी नावाचा इंजिनियर दिसला, पुण्याहून बोलणारा, सभ्य, मवाळ आवाजाचा.

"मॅम, खूप वाईट वाटलं ऐकून. बाळ बरं आहे ना? अशी केस आम्हाला पहिल्यांदाच कळतेय. मी आत्ताच दुरुस्त करून देतो. तुमचं गाव मी पक्कं करून टाकतो. कायम लाल राहील. तुम्ही बघा न बघा, ते फिकं होणारच नाही."

पडद्यावरच्या यादीत टेंभरडोह रक्तासारखं लाल झालं. इंगोले साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला. "झालं बघा बाई. दोन मिनिटांचं काम."

वैजयंता त्या लाल नावाकडे बघत राहिली.

"त्याच्या खालचं गाव कोणतं?" तिनं विचारलं.

"मॅम?"

"माझी यादी तुम्हाला तिकडे दिसतेय ना? टेंभरडोहच्या खालचं नाव वाचा."

"टेंभरडोह… त्याच्या खाली तिवसाळा."

"साहेब, तुम्ही वाचा."

इंगोले साहेबांनी चष्मा वर केला. "तिवसाळाच आहे की. हिरव्या रंगात."

"नीट वाचा. ट नंतर सरळ त येतो का हो? मध्ये काही नाही?"

अन्वय पडद्याच्या जवळ सरकला. मग त्याचा आवाज आला, आता तितका मवाळ नव्हता. "अरे… आहे. एक ओळ आहे मध्ये. डोंगरहेटी."

"ते कुणाचं माहेर नाही," वैजयंता म्हणाली. "तिथं कुणाची बहीण केंद्रात कामाला नाही. ते का विझलं?"

अन्वयनं तिच्या नजरेची जुनी नोंद काढून बघितली. त्याला बोलायला जड गेलं, पण त्यानं लपवलं नाही. एखाद्या ओळीवर बघायचं नाही असं ठरवलेला डोळा त्या ओळीच्या आधीच उडी घेतो आणि पुढे जरा लांब जाऊन पडतो. खड्डा चुकवणारा माणूस खड्ड्याच्या काठावर पाय देत नाही, तसं. टेंभरडोह टाळताना तिची नजर रोज डोंगरहेटीवरूनही उडून जात होती. मशीन तेही शिकलं.

"मॅम, तेही लाल करतो मी."

"आणि अजून कोणती कोणती विझलीत?"

"ते… शोधावं लागेल. तेवढा वेळ द्या. पुढच्या सुधारणेत आपण—"

"पुढच्या सुधारणेत!" वैजयंता उभी राहिली. खुर्ची मागे जाऊन भिंतीवर आदळली. "लेकरांनी तोवर पाणी प्यायचं थांबवायचं? माझं गाव लाल केलंत म्हणून मी गप्प बसेन असं वाटलं तुम्हाला? भगतनं मावशासाठी केलं तेच तुम्ही माझ्यासाठी करताय. मी आरडाओरडा केला, म्हणून माझं नाव रंगवलं. डोंगरहेटीची बाई इथं येऊन ओरडली असती तर तिचं रंगवलं असतं. जी येणार नाही तिचं काय?"

इंगोले साहेब म्हणाले, "बाई, शांत व्हा. जोड तशीच ठेवावी लागेल. वरचा हुकूम आहे. आणि एवढ्या फाइली दोघींनी कशा वाचायच्या? दोन माणसं आधीच कमी झालीत."

"मग बोलवा त्यांना परत."

"ते माझ्या हातात नाही."

"हे माझ्या हातात आहे," ती म्हणाली आणि टाइप करायला बसली. जोड काढून टाकायचा हुकूम तिला पाठ नव्हता, पण बसवताना जी ओळ लिहिली होती तिच्यावरून तिनं अंदाज बांधला. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा मशीननं विचारलं, गुरुनजर काढल्यास केंद्राची सर्व शिकवण पुसली जाईल, नक्की?

"बाई, मेमो निघेल," इंगोले साहेब म्हणाले. आवाजात धमकीपेक्षा काकुळती जास्त होती.

"काढा. फक्त रंगीत कागदावर काढू नका."

तिनं हो लिहिलं.

पुन्हा काळा पडदा. पुन्हा सगळी नावं पांढरी, एकसारखी. तिनं वरून वाचायला सुरुवात केली आणि तिच्या लक्षात आलं, की नजर ठरतच नाही. रंग पुसले गेले होते, पण डोळ्याला लागलेली सवय पुसली गेली नव्हती. इथून उडी, तिथून उडी. पाच नावं वाचली असं वाटावं आणि तीनच वाचलेली असावीत. तिनं स्वतःला एक सणसणीत शिवी हासडली. मग पडद्यावर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचायला लागली, बालवाडीतल्या पोरासारखं एकेक अक्षर फोडून.

"अं-ब-झ-री. आ-स-ड-पो-ड."

नसरीन थोडा वेळ नुसती उभी होती. तिचा राग अजून उतरला नव्हता, तो तिच्या उभं राहण्यातच दिसत होता. मग तिनं स्वतःची खुर्ची ओढली, आपल्या मशीनची यादी उघडली आणि शेवटाकडून सुरुवात केली, वरच्या दिशेनं, तशाच मोठ्या आवाजात. दोघींचे आवाज एकमेकांत घुसत होते. इंगोले साहेब दारात उभे राहिले, मग आत आले आणि दोघींच्या मध्ये तिसरी खुर्ची ओढून बसले. "मधली नावं मी घेतो," ते पुटपुटले. "चष्मा नवा आहे."

वैजयंता ड पर्यंत पोचली. डोंगरहेटी. बोट तिथंच दाबून तिनं फाइल उघडली.

टेंभरडोहसारखीच चाल होती, फक्त त्याहून चढी. तिनं त्या गावच्या जलसुरक्षकाला, म्हणजे गावात पाण्याची देखरेख करणाऱ्या माणसाला, फोन लावला. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा मागं बायकांचा गलका आणि हापशाचा खडखडाट ऐकू आला.

"हालो, कोन?"

"पाणी-केंद्रातून बोलतेय. तुमच्या बोअरचं पाणी आत्ताच्या आत्ता बंद करा."

"काहून? आमच्याजोळ हिरवं कार्ड हाय मॅडम. चार वर्सं झाले."

"कार्ड गेलं चुलीत. गावात वरच्या दुधावरचं लेकरू आहे का?"

"हायेत ना दोन. मंग?"

"त्यांना त्या पाण्याचा थेंब देऊ नका. उकळूनही नाही. उकळून तर अजिबात नाही. दुसरं पाणी मी टँकरनं पाठवते. हापशाला साखळी घाला."

"आता? आता बाया भरून राहिल्या. मारतीन मले."

"मारू देत. मार खा, पण साखळी घाल!"

"असं कोनी फोन करते आन आम्ही बोअर बंद करतो काय वो? सायबाची चिठ्ठी पायजे. तुम्ही हाय कोनत्या गावच्या?"

वैजयंतानं फोन दोन्ही हातांनी धरला.

"टेंभरडोहची."

पलीकडे खडखडाट चालूच होता. दोन गावांमध्ये फक्त एक टेकडी होती, आणि कालची बातमी ती टेकडी ओलांडून गेलेली होती.

"ते निळं लेकरू…"

"माझा नातू आहे तो. भावाचा नातू."

फोन तोंडापासून लांब गेल्याचं तिला कळलं. मग त्याची आरोळी आली. "ए मंदे, थांबव! हापसनं थांबव म्हनतो ना! ओत तो पान्याचा गुंड!"

कुणा बाईनं त्याला लांबलचक शिवी दिली. "मेल्या, सकाळपासून रांगेत हाय मी!"

"ओत म्हनतो ना!"

खडखडाट थांबला. फोनमध्ये एक भांडं दगडावर आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ दगडांवरून सांडत जाणाऱ्या पाण्याचा.

"हां," वैजयंता म्हणाली. तिचा आवाज अजून उतरला नव्हता. "आता दुसरा ओता."